कोसळणारा माणूस : तय्यब मेहतांचे चित्र आणि आपली नजर

मोहम्मद अली रोड म्हटले की आपल्याला रमजानच्या रात्री आठवतात. मिनारा मशिदीचा उजेड, मालपुवा, नल्ली निहारी आणि खरेदीची गर्दी. मराठवाड्यातून मुंबईला गेलेला माणूस त्या रस्त्यावर एक चक्कर मारल्याशिवाय परतत नाही. याच रस्त्यावरच्या एका खिडकीशी १९४७ साली बावीस वर्षांचा एक तरुण उभा होता. खाली जे घडले ते त्याने पाहिले आणि पुढची बासष्ट वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, ते त्याच्या डोळ्यांसमोरून हलले नाही. त्या तरुणाचे नाव तय्यब मेहता. भारताच्या आधुनिक चित्रकलेतील मोठ्या नावांपैकी हे एक. २०२५ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यांच्याविषयी इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे. आपल्या घरांत मात्र हे नाव फारसे पोहोचलेले नाही. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सजीवांच्या चित्रांबाबत आपल्याकडे उलेमांची मते वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक घर आपापल्या समजुतीप्रमाणे वागते. त्या मसल्यात आम्ही येथे शिरणार नाही. घराच्या भिंतीवर काय लावावे, हा या लेखाचा विषय नाही. दुसऱ्या माणसाच्या दुःखाकडे पाहावे कसे, हा विषय आहे. आणि तो आज प्रत्येक घरात, प्रत्येकाच्या हातातल्या मोबाईलमध्ये येऊन बसलेला आहे.

खिडकीतून दिसलेले

तय्यब मेहता यांचा जन्म २६ जुलै १९२५ रोजी गुजरातमधील कपडवंज येथे दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. लहानपण मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात गेले. घरच्यांचा सिनेमाशी संबंधित व्यवसाय होता. त्यामुळे तरुणपणी त्यांनी काही काळ चित्रपट संकलनाचे काम केले. पुढे ते सर ज. जी. कला विद्यालयात दाखल झाले आणि १९५२ साली तेथून पदविका घेऊन बाहेर पडले. हुसेन, सूझा, रझा, आरा, गाडे आणि बाकरे यांनी १९४७ साली स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या वर्तुळात ते वावरू लागले. त्यांतले हुसेन पंढरपूरचे आणि गाडे विदर्भातले. म्हणजे या नव्या चित्रकलेत आपल्या महाराष्ट्राच्या मातीचा वाटा मोठा होता.

फाळणीच्या दंगलीत तय्यब मोहम्मद अली रोडवर राहत होते. एके दिवशी जमावाने रस्त्यात एका तरुणाला गाठले, मारले आणि दगडांनी त्याचे डोके ठेचले. तय्यब वर खिडकीत होते. काहीही करणे शक्य नव्हते. त्यानंतर कित्येक दिवस आपण तापाने फणफणलो होतो आणि ते दृश्य आपल्याला कधीच सोडून गेले नाही, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे.

मोहम्मद अली रोड हा तेव्हाही मुस्लिम वस्तीचा रस्ता होता. मेलेला कोण होता आणि मारणारे कोण होते, याचा अंदाज वाचक करतीलच. तय्यब मेहतांनी मात्र चित्रात तो कधी करू दिला नाही. त्यांनी रंगवला तो फक्त कोसळणारा माणूस. त्याच्या अंगावर टोपी नाही, टिळा नाही, दाढी नाही, धागा नाही. मारणारे तर चित्रात कुठेच नाहीत.

उर्दू वाचणाऱ्यांना येथे सआदत हसन मंटो आठवतील. मंटोही त्या वर्षी मुंबईतच होते आणि जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेले. दंगलींवरचे त्यांचे ‘स्याह हाशिये’ हे छोटे पुस्तक १९४८ साली आले. त्यातील अनेक मजकुरांत मारणारा कोण आणि मरणारा कोण, हे मंटो सांगतच नाहीत. एकच शहर, एकच काळ, एक लेखक आणि एक होऊ घातलेला चित्रकार. दोघांनीही मजहबची पाटी काढून ठेवली आणि माणूस तेवढा समोर ठेवला.

डोळ्यांना दिसते ते नव्हे, काळजाला होते ते

अशा चित्रकलेला मराठीत अभिव्यक्तिवाद म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. शाळेत आपण मुलाला फुलदाणी जशी दिसते तशी काढायला शिकवतो. अभिव्यक्तिवादी चित्रकार वस्तू जशी दिसते तशी काढत नाही. ती पाहताना आत जे झाले ते काढतो. भीतीने पायाखालची जमीन सरकली असे आपण बोलताना म्हणतो. हा चित्रकार खरोखरच चित्रातून जमीन काढून टाकतो. दुःखाने माणूस मोडून गेला असे आपण म्हणतो. हा त्याचे हातपाय खरोखरच मोडल्यासारखे, उलटसुलट काढतो. म्हणून अशी चित्रे पहिल्या नजरेला ‘वेडीवाकडी’ वाटतात.

ही रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत जोमाने वाढली. त्याआधी १८९३ साली नॉर्वेच्या एडवर्ड मुंक यांनी ‘किंकाळी’ हे जगप्रसिद्ध चित्र काढले होते. त्यात पुलावर उभा असलेला माणूस तर वाकडा आहेच, पण आकाश आणि पाणीही त्याच्या किंकाळीबरोबर थरथरते. जर्मनीच्या केटे कॉलवित्स यांचा तरुण मुलगा १९१४ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्यानंतर ही आई आयुष्यभर मुलांना कवटाळणाऱ्या आणि मुलांवाचून रित्या झालेल्या आया काढत राहिली. तय्यब मेहता १९५९ ते १९६४ या काळात लंडनमध्ये राहिले. तिथे फ्रान्सिस बेकन या चित्रकाराची पिळवटलेली माणसे त्यांनी पाहिली. त्यांचा परिणाम झाला. पण सांगायची गोष्ट त्यांनी मुंबईहूनच बरोबर नेली होती.

बांधलेला बैल, रिक्षावाला आणि कोसळणारा माणूस

खिडकीतले दृश्य चित्रात यायला फार वेळ लागला. आधी आला बैल. वांद्र्याच्या कत्तलखान्यात त्यांनी जनावरे बांधून पाडताना पाहिली होती. एवढे ताकदवान जनावर, पण चार पाय एकत्र बांधून जमिनीवर टाकले की ते नुसता गोळा होऊन पडते. आपण कोणत्या काळात जगत आहोत हे सांगायला त्यांना ही आकृती पुरेशी वाटली. १९५६ सालच्या त्यांच्या एका चित्राचे नावच ‘बांधलेला बैल’ आहे. पुढे १९७० साली फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी ‘कूडल’ हा सोळा मिनिटांचा लघुपट केला. त्यातही वांद्र्याच्या कत्तलखान्यातील दृश्ये आहेत. या लघुपटाला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला.

बैलाच्या चित्रावरून कोणी गैरसमज करून घेऊ नये. हा मांस खाण्याविरुद्धचा प्रचार नव्हता, बलवानाच्या लाचारीचे ते चित्र होते. आणि जनावराची वेदना आपल्याला परकी नाही. कुर्बानीच्या जनावरासमोर सुरीला धार लावू नये, एका जनावरापुढे दुसरे जिबह करू नये, ही तालीम आपल्या घरातल्या लहान मुलालाही दिलेली असते.

मग कोलकात्याचा हातरिक्षा ओढणारा आला. वर्षानुवर्षे ओढून ओढून रिक्षाचे दांडे हे त्या माणसाचेच हात झाले आहेत, असे त्यांना दिसले. त्यांच्या चित्रांत माणूस कुठे संपतो आणि रिक्षा कुठे सुरू होते, ते कळत नाही. शहागंजच्या बाजारात भरलेला हातगाडा ढकलणारा हमाल आपण रोज पाहतो. त्याची वाकलेली पाठ आणि गाड्याचा दांडा आता एका रेषेत आले आहेत, हे हे चित्र पाहिल्यावर लक्षात येते. गाडा तोच, हमालही तोच, आपले पाहणे तेवढे बदलते.

आणि १९६५ साली आला कोसळणारा माणूस. खिडकीतल्या त्या दिवसाला तेव्हा अठरा वर्षे झाली होती. याच विषयावरील त्यांच्या चित्राला १९६८ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या त्रैवार्षिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर जवळजवळ आयुष्यभर ते या माणसाकडे परत परत येत राहिले. कधी त्याच्यासोबत एक पक्षीही कोसळताना दिसतो.

या चित्रांत नेमके काय आहे? एक शरीर हवेत आहे. हातपाय एकमेकांत गुंतले आहेत. तोंड उघडे आहे. मागे घर नाही, झाड नाही, रस्ता नाही. तो कुठून पडला ते दिसत नाही आणि कुठे आदळणार तेही दिसत नाही. रक्ताचा थेंब नाही. म्हणजे दंगलीचे चित्र काढताना आपण ज्या ज्या गोष्टी काढल्या असत्या, आग, तलवारी, रक्त, पळणारी माणसे, त्या सगळ्या त्यांनी वगळल्या. उरला फक्त तो एक क्षण, ज्यात माणसाला कळून चुकले आहे की आता धरायला काही नाही.

सुरुवातीची चित्रे जाड रंगाच्या थरांत, खरबरीत हाताने काढलेली आहेत. १९६८ साली ते शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले आणि त्यानंतर त्यांची तऱ्हा बदलली. रंग सपाट आणि स्वच्छ झाले, रेषा धारदार झाली. १९६९ च्या सुमारास मनासारखे काही उतरेना म्हणून वैतागाने त्यांनी कॅनव्हासवर एक तिरका काळा फराटा ओढला आणि त्यातूनच नवी वाट सापडली, असे ते सांगत. तो तिरका छेद पुढे चित्रातल्या माणसाला मधोमध चिरत जातो. एक अर्धे अंग इकडे, दुसरे तिकडे. फाळणी पाहिलेल्या पिढीला या रेषेचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. रंग मात्र भडक आक्रोश करत नाहीत. भिंत रंगवावी तसे शांत, एकसारखे लावलेले आहेत. मयतीच्या घरात मोठ्याने रडणारीपेक्षा कोपऱ्यात गप्प बसलेल्या आईकडे पाहवत नाही, तसा काहीसा परिणाम होतो.

काम करण्याची त्यांची पद्धतही जाणून घेण्यासारखी आहे. न पटलेली चित्रे ते नष्ट करून टाकत. म्हणून त्यांची चित्रे संख्येने थोडी आहेत. त्यांच्या ‘बांधलेल्या बैला’ला एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतील लिलावात ६१ कोटी ८० लाख रुपये मिळाले. हयातीतही त्यांच्या चित्रांना कोटींची बोली लागली, पण ती चित्रे आधीच दुसऱ्यांच्या मालकीची झालेली होती. पैसा त्यांच्याकडे गेला. ते स्वतः अंधेरीतील साध्या फ्लॅटमध्ये राहत होते. २००७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २ जुलै २००९ रोजी त्यांचा इंतेकाल झाला.

अजिंठ्याची राजकन्या

दुःखाचे चित्र पाहण्यासाठी आपल्या शहरातील लोकांना दूर जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. शाळेच्या सहलीत आपण सगळेच तिथे गेलो आहोत आणि बहुतेक वेळा पद्मपाणी पाहून, डबा खाऊन परत आलो आहोत. सोळाव्या लेण्यात मात्र थोडे थांबावे. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणे करवून घेतले. त्याच्या भिंतीवर ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने ओळखले जाणारे चित्र आहे. अभ्यासकांच्या मते ती गौतम बुद्धांचा भाऊ नंद याची पत्नी सुंदरी. नवरा संसार सोडून भिक्षू झाला, त्याचा मुकुट तेवढा परत आला आणि तो पाहून ती कोसळली.

या चित्रातही रक्त नाही, जखम नाही. मान कललेली आहे, डोळे मिटत चालले आहेत, अंगातली ताकद गेली आहे. पण तिच्याभोवती किती माणसे आहेत ते पाहा. एक दासी मागून तिला सावरून धरते. एक पंखा हलवते. एक छातीवर हात ठेवून काळजीने तिच्याकडे पाहते. दाराशी एक म्हातारा डोकावतो.

अजिंठ्याशी आपल्या बुजुर्गांचेही नाते आहे. निजामाच्या काळात सय्यद अहमद या चित्रकाराने या चित्रांच्या नकला उतरवण्यात वर्षे घालवली आणि पुढे ते लेण्यांचे क्युरेटर झाले. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ काढला. दुसऱ्या धर्माच्या लेण्यातील दुसऱ्याचे दुःख या माणसांनी दिव्याच्या उजेडात, डोळे फोडून उतरवले. त्यांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, तय्यब मेहता पुढे जिथे शिकले त्याच ज. जी. विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कित्येक वर्षे अजिंठ्याची चित्रे उतरवत होते. या राजकन्येच्या चित्राची त्यांनी मोठी तारीफ केली आहे.

आता दोन्ही चित्रे मनात शेजारी ठेवावीत. अजिंठ्याची राजकन्या कोसळते तेव्हा तिला धरणारे हात आहेत. तय्यब मेहतांचा माणूस कोसळतो तेव्हा कोणीही नाही. दीड हजार वर्षांत माणसाची वेदना बदलली नाही. कमी झाले ते धरणारे हात.

वर्गातला प्रश्न

आम्ही आठवीच्या वर्गाला या चित्राची छापील प्रत दाखवली. विषय काय, चित्रकार कोण, हे काहीच सांगितले नाही. फक्त विचारले, “काय दिसते?”

सुरुवातीला मुले हसली. एकाने म्हटले, हात चुकीच्या जागी आहे. दुसरा म्हणाला, झोपेत आपण खड्ड्यात पडतो तसे आहे. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी बोलत नाही, म्हणाला, “हा परांचीवरून पडलाय.” त्याचे वडील बांधकामावर जातात. वर्ग शांत झाला. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, “याला ढकलले का कोणी?” आणि लगेच तिच्या शेजारचीने विचारले, “पण हा आपल्यातला आहे की त्यांच्यातला?”

तेरा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न तिचा स्वतःचा नाही. तो तिने घरात ऐकलेला आहे, गल्लीत ऐकलेला आहे, टीव्हीवर रोज ऐकलेला आहे. या शहराने मे २०१८ मध्ये आणि मार्च २०२३ मध्ये काय पाहिले, ते आपण सगळे जाणतो. अशा रात्रींनंतर मुलांच्या तोंडी हाच प्रश्न पहिला येतो. आम्ही तिला सांगितले, “चित्रात शोधून पाहा.” तिने खूप वेळ शोधले. मग म्हणाली, “कळत नाही.” आम्हाला वाटते, त्या दिवशीचा सगळा धडा या दोन शब्दांत झाला.

मोबाईलमधले मरण

आज एखाद्या गरिबाला जमावाने मारले की तासाभरात त्याची चित्रफीत आपल्या फॅमिली ग्रुपवर येते. अम्मी पाहतात, भाईजान पाहतात, मुले आपण नसताना पाहतात. पाठवणाऱ्याची नियत वाईट असते असे नाही. जुल्म लोकांना कळावा, असेच त्याला वाटते. आणि हेही खरे आहे की पुष्कळदा अशा चित्रफितीमुळेच गुन्हा नोंदला जातो. मजलूमच्या बाजूने ती साक्ष असते. ती नष्ट करू नये, वकिलाकडे आणि पोलिसांकडे ती पोहोचलीच पाहिजे.

पण साक्ष वेगळी आणि तमाशा वेगळा. तीच चित्रफीत दहा ग्रुपांत फिरली की काय होते? पहिल्यांदा काळीज हलते, पाचव्यांदा राग येतो, विसाव्यांदा अंगठा पुढे सरकतो. मरणाऱ्याचे नाव विसरले जाते. त्याच्या घरच्यांनी कधीही पाहू नये असा त्याचा शेवटचा क्षण मात्र लाखो हातांत राहतो. मयतीवर आपण चादर टाकतो, ग़ुस्ल देताना सतर झाकतो. मग मारल्या जाणाऱ्या माणसाचा पर्दा आपण एवढ्या सहज का उघडतो?

तय्यब मेहतांच्या चित्राचे मोल आम्हाला येथे वाटते. त्यांनी जे पाहिले ते कोणत्याही चित्रफितीपेक्षा कमी भयंकर नव्हते. पण त्यांनी त्या तरुणाचा चेहरा विकला नाही. त्याला लागलेला दगड दाखवला नाही. मारणाऱ्यांची जात सांगून आपला राग सोपा केला नाही. अठरा वर्षे ते दृश्य स्वतःच्या अंगावर वागवले आणि मग असे काही काढले की पाहणाऱ्याला वाटावे, हा मी आहे, किंवा माझा भाऊ, किंवा ज्याला मी शत्रू समजतो त्याचा मुलगा. एका निरपराध जिवाची किंमत सगळ्या इन्सानियतएवढी, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. या चित्रकाराने तेच रंगात मांडले.

घरांत काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो. मारहाणीची चित्रफीत आली तर ती मुलांच्या हातात पडू देऊ नये आणि पुढे ढकलू नये. गरज असेल तिथेच द्यावी. मुलांनी पाहिलीच असेल तर ‘विसरून जा’ म्हणू नये. काय वाटले ते विचारावे, बोलता येत नसेल तर कागद आणि रंग द्यावेत. मूल काळ्या रेघोट्या ओढेल, ओढू द्यावे. “हे काय वेडेवाकडे” असे म्हणू नये. मुंबईला जाणे झाले तर काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मुलांना एकदा न्यावे. आणि पुढच्या अजिंठा सहलीत सोळाव्या लेण्यात पाच मिनिटे जास्त थांबावे.

आपल्या मोहल्ल्यांत एक चांगली रीत अजून टिकून आहे. ज्या घरात मयत झाली त्या घरची चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण पाठवतात. ताजियतीला आलेला माणूस बहुतेक वेळा काही बोलत नाही, नुसता शेजारी बसतो. ही रीत फक्त आपल्या गल्लीपुरती, आपल्याच माणसांपुरती राहू नये. पलीकडच्या वस्तीत कोणाचे घर जळले, बांधकामावरून कोणी पडले, कर्जापायी मराठवाड्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने जीव दिला, तर त्या घरीही आपल्या घरातून कोणीतरी जावे. जाताना मुलांना बरोबर न्यावे.